वरून तापणारं पाणी

३ ऑक्टोबर, सोमवार

वरच्या मजल्यावरची वहिनी मुलाकडे कायमची राहायला गेली, त्याला आता उन्हाळा उलटून गेला. तेव्हापासून दिवसभरात माझं तोंड उघडतं ते पाववाल्याशी हुज्जत घालायला, नाहीतर जांभई द्यायला. म्हणून ही वही आणली. वहीचं एक बरं असतं, ती मध्येच "अगं ते राहू दे, आधी माझं ऐक" असं म्हणत नाही. वहिनी म्हणायची. तेव्हा राग यायचा, आता कोणी म्हणेल तर त्याला बसायला पाट देईन.

काल रविवार, म्हणजे लेकीच्या फोनचा दिवस. ती समुद्रावर असते. संशोधनाचं जहाज आहे. समुद्राच्या पाठीवर वारा किती जोराचा आहे, पाणी वरच्या हवेला किती ऊब देतंय आणि किती घेतंय, ते मोजायचं तिचं काम. घरी येऊन तिला वर्षाच्या वर झालं. पूर्वी फोन चांगला लांबायचा, हल्ली चहा गाळून होईस्तोवर संपतो. जेवलीस का? हो. थंडी आहे का? आहे. काम? चाललंय. मग दोन्हीकडे चिडीचूप. शेवटी तिने विचारलं, वहिनी काय म्हणतात? मी म्हटलं, "मजेत आहे. आत्ताच चहा पिऊन वर गेली." हे असं मी दर रविवारी सांगते. आई एकटी आहे हे कळून भर समुद्रात पोरीच्या जिवाला घोर कशाला? ती काही पोहत येणार आहे थोडीच.

पण मला खरी भीती वेगळीच आहे. असंच चालत राहिलं तर एखाद्या रविवारी फोनवर नुसती शांतताच येईल, आणि पुढे तीही यायची बंद होईल. तिच्याशी बोलायला माझ्याकडे विषयच नाही. उभा जन्म रुग्णालयाच्या धुलाईखात्यात गेला. चादरींबद्दल माणूस बोलणार किती?

म्हणून ठरवलंय, तिचं जे आहे ते शिकायचं. उद्या वाचनालयात जाते.


६ ऑक्टोबर, गुरुवार

ग्रंथपालबाई भली आहे. माझं वय बघून तिने आधी अध्यात्माचं कपाट दाखवलं. मी म्हटलं, ते नंतर, आधी समुद्र. मग तिने तीन पुस्तकं काढून दिली. निम्मं डोक्यावरून गेलं. उरलेल्या निम्म्यातलं पुन्हा निम्मं वाचता वाचता डोळा लागला म्हणून गेलं. पण जे राहिलं ते इथे उतरवते.

मला वाटायचं वाऱ्याने लाटा येतात, संपलं. तसं नाही. वारा पाण्याच्या पाठीला घासत जातो आणि पाण्याला सोबत ओढतो. शिवाय जाताजाता त्याची ओल पितो आणि ऊबही घेऊन जातो. फुकट कोण राबतंय, ही त्याची बिदागी. थंड, कोरडा वारा जोरात सुटला की वरचं पाणी गार होतं. वाफ उडते पण मीठ मागेच राहतं, म्हणून ते पाणी खारट आणि जड होतं, आणि जड झालं की बुडतं. तळाशी जातं, तळातून हळूहळू कुठल्या कुठे जातं, आणि त्याची जागा भरायला वरून दुसरं येतं. सगळ्या समुद्रांचं फिरणं असं एकमेकांत गुंतलेलं आहे.

वाचून मला हसूच आलं. गच्चीवर ओल्या चादरी वाळत घालताना वारा लागला की कापड असं गार व्हायचं की बोटं आखडायची. ते हेच. फक्त चादर मोठी.


१२ ऑक्टोबर, बुधवार

पुस्तकाने पोट भरेना. डोळ्यांनी बघायचंय. कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून लांबट टाकी करून घेतली, खाटेच्या निम्म्या लांबीची. तो टाकी पोचवायला आला आणि म्हणाला, "मावशी, मासे कुठले घेणार?" मी म्हटलं, मासे नाहीत, यात वारा पाळणार आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बहुतेक आता गल्लीभर होईल. होऊ दे. त्या निमित्ताने कोणीतरी विचारपूस करायला तरी येईल.

टाकी खिडकीजवळच्या मेजावर ठेवली. वहिनी बसायची ती खुर्ची त्यासाठी बाजूला करावी लागली.


१६ ऑक्टोबर, रविवार

आज लेक हसली! मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदा.

झालं असं. टाकीत पाणी भरलं. शेकायची रबरी पिशवी उकळत्या पाण्याने भरून एका टोकाला तळाशी बुडवली, वर दगड ठेवला आणि शाईचे चार थेंब सोडले. शाई पिशवीवरून सरळ वर आली, वरून पलीकडच्या टोकाला गेली, खाली उतरली, परत आली. अगदी आमच्या खात्यातल्या चादरी उकळायच्या कढईसारखं. मला वाटलं, जिंकलं. पहिल्या झटक्यात समुद्र केला.

फोनवर सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आई, समुद्राला खालून जाळ कोण घालतं?"

खरंच की. सूर्य तर वर.

"त्याची चूल वर आहे," ती म्हणाली, आणि हसली. मग पुढे बराच वेळ बोलत होती. दिवा वर टांग, मग काय होतं ते सांग म्हणाली. म्हणजे पुढच्या रविवारी फोन येणार, आणि लवकर संपणार नाही.

जहाजावरचा फोन आता फार सुधारलाय. पूर्वी खरखर असायची, शब्द उशिरा पोचायचे. आता शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी ऐकू येते. मागे पोरांचा गलका आणि शिट्टी वाजल्यासारखं ऐकू आलं. विचारलं तर म्हणाली, रेडिओ लावलाय कोणीतरी.


२५ ऑक्टोबर, मंगळवार

आठवडा पाण्यात गेला. दिवा टाकीवर टांगला आहे. वरचं पाणी कोमट होतं आणि वरच राहतं. बोट घातलं तर पहिल्या पेरापर्यंत ऊब, त्याखाली थंडगार. शाई टाकली ती जिथे पडली तिथेच लोळते आहे, सुट्टीच्या दिवशी अंथरुणात लोळणाऱ्या माणसासारखी. वरून कितीही तापवा, खाली काही पोचतच नाही. गरम पाणी हलकं, ते कशाला खाली जाईल?

लेक म्हणाली होती तेच झालं. नुसत्या उबेने समुद्र फिरत नाही.

एका टोकाला बर्फ ठेवला तेव्हा थोडी हालचाल झाली. गार पाणी काचेला चिकटून खाली उतरलं आणि तळातून सरपटत निघालं. पण फार हळू. मी समोर बसून राहिले. चहा झाला, दुसरा झाला. खोलीत घड्याळाशिवाय आवाज नाही. मध्येच मी मोठ्याने म्हटलं, "चल गं, चल." कोणाला म्हटलं कोण जाणे. मग उठून दार उघडून जिन्यात डोकावले. उगीचच.


३१ ऑक्टोबर, सोमवार

पंखा! मेजावरचा छोटा पंखा टाकीच्या एका टोकाला ठेवून पाण्याच्या पाठीवर सोडला. बारीक सुरकुत्या उठल्या आणि वरची शाई चालायला लागली. पलीकडच्या काचेला पोचली, तिथे पाणी गोळा झालं, खाली वळलं आणि खालून उलटं परत आलं. त्या वळणावळणांनी वरची ऊबही खाली मिसळायला लागली. आणि पाणी गार होत होतं. दिवा तोच, तरीही गार. वारा ऊब घेऊन जात होता, माझ्या ओल्या हाताला ते कळलं.

काल हे लेकीला सांगितलं तर तिचा आवाजच बदलला. म्हणाली, वारा दोन हातांनी काम करतो, एका हाताने ढकलतो, दुसऱ्याने ऊब काढून घेतो, आणि दोन्ही नसते तर समुद्राच्या तळाला ताजं काही पोचलंच नसतं, खाली सगळं शिळं होऊन पडलं असतं. पृथ्वी फिरते म्हणून खऱ्या समुद्रात वाहतं पाणी तिरकं वळतं, तेही सांगितलं. ते मला नीट कळलं नाही. हो हो म्हटलं. टाकी काही मला गरगर फिरवता येणार नाही.

शेवटी म्हणाली, "तिकडे परवा पाऊस जोरात झाला ना, खिडकीजवळ टाकी आहे, जपून." भर समुद्रात असून तिला आमच्या पावसाची खबर! लेकीचं आतडं ते लेकीचं आतडं.

आता मुख्य गोष्ट. ग्रंथपालबाई टाकी बघायला घरी आली होती. तिला इतकी आवडली की म्हणाली, वाचनालयात सगळ्यांना दाखवू, एकोणीस तारखेला, शनिवारी. आणि तुमच्या लेकीलाच बोलवा ना समजावून सांगायला. मी लेकीला विचारलं. ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, बघते, सुट्टी मिळते का.

नाही म्हणाली नाही. आज जिन्यावरून उतरताना गुडघाही दुखला नाही.


८ नोव्हेंबर, मंगळवार

वर्तमानपत्रात आलंय, तिचं जहाज ज्या समुद्रात आहे तिकडे मोठं वादळ उठलंय. ताट तसंच बाजूला सारलं. फोन फक्त रविवारी असं ठरलंय, कामात व्यत्यय नको म्हणून मी कधी मोडलं नाही. आज मोडलं. दोनदा रिंग वाजली न वाजली तोच तिने उचलला.

"वादळ? हो... हलतंय जरा," म्हणाली. आवाज शांत. एवढ्या वादळात एवढी शांत, धीराची आहे पोरगी. मागे एक लहान मुलगा विचारत होता, ताई, आता आत जाऊ का? त्या जहाजावर रेडिओ फारच वाजतो. कोणीतरी आवर घालायला हवा.

मी म्हटलं, तू येणार आहेस हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, काचवाल्याला, किराणावाल्याला, जुन्या खात्यातल्या बायकांना. ती म्हणाली, "कशाला गं सगळ्यांना?" मी म्हटलं, समुद्रावर जाणारी लेक काय घरोघरी असते? तर "ठेवते गं" म्हणाली. दमली असेल.


१८ नोव्हेंबर, शुक्रवार

आली. बसने आली, एवढीशी पिशवी घेऊन. दारात उभी राहिली तेव्हा क्षणभर मला सुचेना काय करावं. इतक्या दिवसांत घरात दोन माणसांची सवयच गेली होती. मी सरबराई करायच्या नादात तिच्यासमोर एकच कप ठेवला आणि माझा घ्यायलाच विसरले.

मला वाटलं होतं तिच्या अंगाला समुद्राचा वास येईल. पण कुशीत घेतली तर आला तो माझ्या जुन्या खात्याचा, कपडे पांढरे करायच्या पावडरीचा. आणि हात! बोटांची टोकं पांढरी पडलेली, कातडी सोललेली. माझे व्हायचे तसेच. म्हटलं, जहाजाच्या फळ्या पण तुलाच धुवायला लावतात की काय? तिने हात मागे घेतले. म्हणाली, अगं पाण्याचंच काम ना.

दुपारी म्हणाली, वहिनींना भेटून येते. मी घाईघाईने म्हटलं, ती चार दिवस परगावी गेलीय. तरी ही वर जाऊन आली. बराच वेळ वर होती. खाली आली आणि सरळ भांडी घासायला घेतली.

उद्यासाठी टाकी रिकामी केली आणि आमच्या खात्याच्या पद्धतीने साबण लावून लख्ख घासली. काच आहे की नाही असं वाटावं इतकी. चारचौघांत लेकीची मान खाली जायला नको. काचवाल्याने संध्याकाळी हातगाडीवरून ती वाचनालयात पोचवलीसुद्धा.


१९ नोव्हेंबर, शनिवार

जसं झालं तसंच लिहिते.

वाचनालय भरलं होतं. ग्रंथपालबाईने वाचकांच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. मी दिवा लावला, बर्फ ठेवला, शाई सोडली, पंखा लावला. पंखा घरघरला आणि पाणी ढिम्म. एक सुरकुती उठेल तर शपथ. पंखा जवळ आणला, तरी नाही. पाणी तुपासारखं गुळगुळीत आणि शाई जागच्या जागी. मागून कोणीतरी म्हणालं, समुद्र आज सुट्टीवर दिसतोय. लोक हसले. माझे कान गरम झाले.

लेक उठून आली. पाण्याजवळ नाक नेलं, बोट लावून बघितलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, साबणाने धुतलीस?"

मी म्हटलं, मग कशाने धुणार?

तिने वर्तमानपत्राचा कागद मागितला. तो पाण्यावर आडवा पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच ओढत नेला, मग दुसरा, मग तिसरा. लोकांना सांगत होती की कितीही विसळलं तरी साबणाचा एक पापुद्रा पाण्याच्या पाठीवर राहतो, डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ. पण तो असला की वाऱ्याला पाणी नीट धरता येत नाही, हात निसटतो. सुरकुत्या उठत नाहीत, ओढ लागत नाही, ऊबही धड बाहेर पडत नाही. खऱ्या समुद्रावरही तेलकट पापुद्रे असतात, लांबून ते चकचकीत पट्ट्यांसारखे दिसतात. चौथा कागद काढला आणि पाणी थरथरलं. शाई निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पुढे बोलत राहिली, आणि मी अशी अभिमानाने बघत होते की तिच्या बोलण्यातला अर्धा भाग मला आठवतच नाही.

मग किराणावाल्याने विचारलं, ताई, आता पुन्हा जहाजावर कधी?

तिने पंख्याकडे बघितलं. म्हणाली, "मी जहाज सोडलं. वर्ष होत आलं."

ग्रंथपालबाईने लगेच चहाची घोषणा केली. मी पंखा बंद केला. का केला, माहीत नाही. काहीतरी बंद करायला हवं होतं.

घरी येताना रस्त्यात तिने सगळं सांगितलं. जहाजावर माणसं होती, पण आपलं असं कोणी नव्हतं. कामापुरतं बोलणं, मग आपली कोठडी आणि जहाजाच्या पत्र्याचा आवाज. पुढे पुढे ती यंत्रांशी बोलायला लागली. एकदा जहाज बंदराला लागलं, ही बॅग घेऊन उतरली आणि परत वर गेलीच नाही. इथून बसने दुपारपर्यंत पोचता येईल अशा गावात आहे. पोहण्याच्या तलावावर नोकरी करते, पाणी तपासायचं, औषध टाकायचं, त्याची ऊब राखायची.

म्हणजे रेडिओ नव्हता.

मला राग आला, कशाला खोटं लिहू. मी म्हटलं, वर्षभर मला झुलवलंस. मी इथे वादळाच्या बातम्या वाचून घास सोडत होते.

ती म्हणाली, "सांगणार होते गं. दर रविवारी ठरवायची. आणि मग तू समुद्राबद्दल विचारायला लागलीस. इतकी खुशीत असायचीस. मला वाटलं, हे काढून घेतलं तर तुझ्याकडे माझ्याशी बोलायला काही राहायचं नाही."

मी चालता चालता थांबले. हे तर माझं वाक्य.

जरा पुढे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आणि वहिनींच्या दारावरचं कुलूप गंजलंय, आई."

घरी येऊन दोघी जेवलो. मीठ कमी होतं. तसंच खाल्लं.


२० नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या बसने गेली. तिला सोडून आले आणि घरात शिरायला नको वाटलं. जाऊन पार नदीवरच्या पुलापर्यंत फिरून आले.

किराणावाल्याच्या दुकानावरून जाताना मान खाली घातली. मग स्वतःचीच लाज वाटली. पोरीने चोरी केलीय की काय? पण मी सगळीकडे डांगोरा पिटला होता ना. माझीच जीभ लांब.

काचवाला टाकी परत घेऊन आला. म्हणाला, "मावशी, वारा पाळायचं जमलं शेवटी." टाकी भिंतीशी उभी करून ठेवली आहे. रविवार असून आज फोन नाही. सकाळीच तर गेली, पोचल्यावर थकली असेल, असं मनाला समजावलं. मनाने ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.


२७ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण आठवडा कोणाचा आवाज नाही. आज संध्याकाळी दिवेलागण झाली तरी फोन नाही. मी खुर्ची फोनजवळ घेऊन बसले होते. ज्याची भीती होती ते आलंच, असं वाटलं. आणि मजा बघा, ते समुद्र नसल्यामुळे आलं की असल्यामुळे, हेही मला धड ठरवता येईना. समुद्र शिकले तेव्हा वाटलं, पूल बांधतेय. तिला पलीकडून त्याची भिंत झाली, खरं सांगायच्या आड येणारी. किंवा दोन्ही. माझ्या डोक्यात एवढं शिरत नाही.

शेवटी मीच लावला. तिने उचलला. तिच्या मागेही कोणी नव्हतं आज, नुसता नळाचा आवाज.

मला काही सुचेना म्हणून म्हटलं, "आज मी पाववाल्याशी भांडले."

"का?"

"शिळा पाव देत होता. मी एकटी आहे म्हणून त्याला वाटतं, हिला काय कळणार. वहिनी होती तेव्हा आम्ही दोघी मिळून त्याला सरळ करायचो. आता तो मला सरळ करतो."

ती हसली नाही. विचारायला लागली. वहिनी नक्की कधी गेली, दुपारी मी काय करते, औषध आठवणीने घेते का, गुडघ्याचं काय, रात्री वहिनी वरून दिवा बंद करायला सांगायची, ते आता कोण सांगतं. मी सगळं सांगितलं, लपवलं नाही. मग मी विचारलं, तुझी खोली केवढी आहे, उजेड येतो का, कोणाबरोबर जेवतेस? म्हणाली, "कोणाबरोबर नाही. तलाव बंद झाला की उभ्याउभ्याच खाते."

उभ्याउभ्या! तिच्या बापालाही हीच खोड होती, हेही तिला सांगितलं. तिला माहीतच नव्हतं. किती साध्या गोष्टी मी तिला सांगितल्याच नव्हत्या.

चहा गाळून ठेवला होता तो गार होऊन वर साय आली. फोन ठेवताना ती म्हणाली, रविवारी तलाव लवकर बंद होतो, येशील का एखाद्या रविवारी?


११ डिसेंबर, रविवार

तिच्या खोलीत बसून लिहितेय. ती पलीकडे भात लावतेय. खोली माझ्या स्वयंपाकघराएवढी, खिडकी एक, खाट एक, खुर्ची एक. दुसरी खुर्ची खालच्या पहारेकऱ्याकडून मागून आणली.

तलाव पाहिला. मला वाटलं होतं चार भिंतींत असेल, पण उघड्यावर आहे. थंडीतही पाणी गरम ठेवतात. शेवटची पोरं बाहेर पडली, त्यांच्या आया टॉवेल घेऊन धावल्या आणि मग सगळं शांत झालं. वारा सुटला होता. पाण्यावरून इतकी वाफ उठत होती की पलीकडचा काठ दिसेना. लेक म्हणाली, बघ, हे मी तिकडे यंत्रांनी मोजायचे. रात्रभर असं उघडं ठेवलं तर सकाळपर्यंत सगळी ऊब हवेत. मग नव्याने इंधन जाळायचं.

म्हणून रोज संध्याकाळी पाण्यावर पांघरूण घालायचं असतं. जाड रबरी कापड, एका टोकाला मोठ्या रुळावर गुंडाळलेलं. जड असतं. ती एकटीच ओढते, म्हणजे या काठाने एक कोपरा थोडा ओढायचा, मग पूर्ण वळसा घालून त्या काठाला जायचं आणि दुसरा कोपरा ओढायचा, पुन्हा इकडे. वर्षभर असंच करते. मी म्हटलं, दे तो कोपरा माझ्याकडे.

म्हणाली, "नको गं, तुझा गुडघा."

मी म्हटलं, "आयुष्यभर ओल्या चादरी दोन टोकांना धरून ओढल्यात मी. तुझ्या जन्माआधीपासून. धर तिकडून."

ती त्या काठाला गेली, मी या काठाला. मध्ये पाणी आणि वाफ. मला ती दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता, "हं, चल." मी चालायला लागले. आधी माझी बाजू पुढे गेली, कापड तिरकं झालं. "घाई नको, आई, माझ्याबरोबर चाल." मग मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत चालले. ओल्या फरशीवर तिची रबरी चप्पल वाजत होती. ती थांबली की मी थांबायची. आमच्या मागे कापड पाण्यावर पसरत येत होतं आणि जेवढं पसरेल तेवढी वाफ कमी होत होती.

शेवटच्या टोकाला पोचलो. दोघींनी कोपरे कड्यांना अडकवले. मी पाठ सरळ केली आणि वर बघितलं. वाफ थांबली होती, आणि पलीकडच्या काठावर कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी असलेली लेक मला स्वच्छ दिसत होती.